मौजा, खसरा आणि कोतवाल बुक : हिंगण्याच्या घराण्यांचा माग

हिंगणा आणि भोवतालच्या खेड्यांतील एखाद्या साध्या शेतकरी घराण्याचा लेखी माग, कागद टिकला असेल तर, १८६० च्या दशकापर्यंत नेता येतो. त्यासाठी राजघराण्याशी नाते लागत नाही आणि वतनाची सनदही लागत नाही. नागपूर जिल्ह्यात इंग्रजी अमलात झालेल्या जमीन बंदोबस्तात गावोगाव शेत कसणाऱ्या प्रत्येक कुळाचे नाव लिहिले गेले. पुढे गावच्या कोतवालाच्या बुकात जन्म आणि मृत्यू नोंदले गेले, आणि शाळा निघाल्यावर दाखल-खारीज रजिस्टरात मुलांची नावे चढली. हे तीन कागद सामान्य माणसाच्या इतिहासाचा पाया आहेत. बखरी, कैफियती, गॅझेटियर हे सारे त्यानंतर येते.

शोध सुरू करताना मात्र बहुतेकांची एक चूक होते. ते आडनाव धरून निघतात. विदर्भातल्या जुन्या नोंदींत आडनाव असेलच असे नाही. तिथे ‘सखाराम वल्द गोविंदा, जात कुणबी, साकीन अमुक’ एवढेच सापडते. पुढच्या पिढीत त्याच घराला गावावरून, हुद्द्यावरून किंवा शाळेतल्या मास्तरांनी विचारून लिहिलेले आडनाव लागते. दोन भावांच्या मुलांची आडनावे वेगळी निघाल्याची उदाहरणेही जुन्या दप्तरांत आढळतात. म्हणून आडनावापेक्षा गाव धरावे. गाव पक्के झाले की बाप, आजा, पणजा या क्रमाने नावे जुळवता येतात. गाव चुकले तर सारा शोध चुकतो.

गाव धरायचे म्हणजे सरकारी दप्तरात ते ज्या ओळखीने लिहिले आहे ती ओळख धरायची. मौजा, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर, तहसील आणि जिल्हा अशी ही ओळख असते. हिंगणा, हिंगणी, हिंगणघाट अशा नावांची गावे विदर्भात अनेक आहेत. अकोला आणि बुलढाणा भागातही हिंगणे आहेत. नुसत्या गावाच्या नावावर नक्कल मागितली तर भलत्याच गावाचा कागद हातात पडू शकतो. शिवाय काही मौजे ‘रिठी’ म्हणून लिहिलेले असतात. रिठी म्हणजे उजाड झालेले गाव. तिथे घरे उरली नाहीत, पण शेते, खसरा नंबर आणि नकाशा कायम राहिला. एखादे घराणे ‘आम्ही मूळचे तिकडचे’ म्हणून ज्या गावाचे नाव सांगते ते आज नकाशावर वस्ती म्हणून दिसत नसेल, तर महसुली यादीत ते रिठी म्हणून शोधावे.

तहसिलीचाही घोळ समजून घ्यावा लागतो. आज हिंगणा हे तालुक्याचे ठिकाण आहे आणि वानाडोंगरी, टाकळघाट, कान्होलीबारा, गुमगाव ही गावे त्यात येतात. परंतु इंग्रजी अमलात हा सारा मुलूख नागपूर तहसिलीत होता. १९०८ च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशा चार तहसिली दिल्या आहेत. हिंगण्याच्या पश्चिमेचा आणि दक्षिणेचा शेजार वर्धा जिल्ह्याचा, आणि वर्धा हा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातूनच वेगळा काढलेला. त्यामुळे हिंगण्याच्या सीमेवरच्या घराण्याचे सोयरे वर्ध्याच्या दप्तरात सापडणे अगदी स्वाभाविक आहे. जुन्या कागदांसाठी हिंगणा तहसील कार्यालयाबरोबर नागपूरच्या तहसिलीच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेखागारातही अर्ज द्यावा, तो याच कारणाने.

राज्येही बदलत गेली. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले आणि त्यांचे राज्य खालसा झाले. काही वर्षे नागपूर प्रांत, मग १८६१ पासून मध्य प्रांत, १९०३ पासून वऱ्हाड जोडलेला मध्य प्रांत, १९५० पासून नागपूर राजधानी असलेला मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असा हिंगण्याचा प्रवास आहे. एका आजोबांच्या आयुष्यात कागदावरचे राज्य चार वेळा बदललेले असू शकते, आणि प्रत्येक बदलाबरोबर नमुन्यांची नावेही बदलली. पुण्या-साताऱ्याकडच्या पुस्तकांत सांगितलेल्या नमुन्यांची नावे घेऊन नागपुरात शोध घेणाऱ्याची म्हणूनच गाडी अडते. शेजारच्या वऱ्हाडातही पद्धत वेगळी होती. तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी, तर नागपूर जिल्ह्यात मालगुजारी.

मालगुजारी समजली की हिंगण्याचे दप्तर समजते. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सारा गोळा करी आणि हिशेब पांड्या ठेवी. १८१८ नंतर काही वर्षे राज्याचा कारभार पाहणारा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात या पाटील-पांड्यांच्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. तेव्हाच्या कागदांत पाटील, इनामदार, मोकासदार यांची नावे भेटतात. साधा कुणबी किंवा तेली क्वचितच. इंग्रजांनी १८६० च्या दशकात पहिला दीर्घ मुदतीचा बंदोबस्त केला तेव्हा सारा भरणाऱ्या पाटलांना आणि काही ठिकाणी सावकारांना गावाची मालकी देऊन मालगुजार बनवले. त्याचबरोबर मालगुजाराने कुळांना मनमानी करून काढू नये म्हणून कुळांचे हक्कही लिहून ठेवणे भाग पडले. या धोरणाने गावच्या खऱ्या कसणाऱ्यावर किती अन्याय झाला याची चर्चा वेगळी. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र त्यातून अमोल ठेवा मिळाला.

प्रत्येक मौजाची एक बंदोबस्त मिसल बनली. तिच्यात खसरा असतो, म्हणजे शेतवार यादी: कोणते शेत, किती क्षेत्र, कोण कसतो. खेवटात मालगुजारांचे हिस्से असतात, आणि गाव भावाभावांत वाटले गेले असेल तर आण्या-पैच्या हिश्शांनी तेही दिसते. जमाबंदीत कुळांची नावे त्यांच्या दर्जासह येतात. कोणी मालक मकबुजा, म्हणजे आपल्या ताब्यातल्या शेताचा मालक, कोणी मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचे कूळ, कोणी साधे कूळ. मालगुजाराची स्वतःची जमीन सीर आणि खुदकास्त म्हणून वेगळी दाखवलेली. वाजिब-उल-अर्ज या कागदात गावचे रिवाज लिहिलेले असतात: चराई, सरपण, पाणी, वाटा, गावसेवकांचे हक्क. आणि सोबत नकाशा. दुसरा बंदोबस्त १८९० च्या दशकात झाला. तो करणारा अधिकारी रेजिनाल्ड क्रॅडॉक पुढे मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त झाला. तिसरा १९१० च्या दशकात झाला. म्हणजे वीस ते तीस वर्षांच्या अंतराने तीनदा गावाची नोंद झाली, आणि तीन नोंदी शेजारी ठेवल्या की एका शेताच्या आधाराने तीन पिढ्या उलगडतात. पहिल्या यादीत गोविंदा, दुसरीत सखाराम वल्द गोविंदा, तिसरीत सखारामाचे दोन मुलगे आणि त्यांची वाटलेली शेते, असे चित्र उभे राहते.

यात एकच काळजी घ्यायची. प्रत्येक बंदोबस्तात खसरा नंबर बदलतात. आजच्या सातबाऱ्यावरचा नंबर घेऊन थेट शंभर वर्षांपूर्वीचा खसरा मागितला तर दुसऱ्याचेच शेत हाती येईल. जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्यावा, नकाशे एकमेकांवर ताडून पाहावेत. नाला, पांदण आणि गावठाण फारसे हलत नाहीत. त्यांच्या आधाराने शेत ओळखता येते.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने गावे सरकारजमा झाली, आणि त्यानंतर नवे कागद तयार झाले. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा त्यातला सर्वांत उपयोगी. विदर्भात जात पडताळणीच्या प्रकरणांत तो वारंवार जोडला जातो. त्याच काळातले निस्तारपत्रक गावाच्या सामाईक जागा सांगते: गुरांचा आखर, खळवाडी, तळे, आणि कोणत्या समाजाची स्मशानभूमी कुठे. ज्या घराण्याकडे शेत नव्हते, त्याचा समाज गावात वस्तीला होता याचा पुरावा कधी कधी एवढ्या एका ओळीत मिळतो. पाच-पाच वर्षांचा खसरा पांचसाला या काळातला शेतावरचा प्रत्यक्ष ताबा दाखवतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यानंतर सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे ओळखीचे नमुने सुरू होतात. यातला फेरफार हा घराण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका. वडील वारले की वारसांची नोंद होते आणि तिच्यात मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे, मुली, मुलींच्या सासरची आडनावे हे सारे एका परिच्छेदात येते. गाव नमुना सहा-क ही तर वारसांचीच नोंदवही आहे. सातबाऱ्यावरची ‘अ.पा.क.’ आणि ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरेही दुर्लक्षू नयेत. पहिल्याचा अर्थ अज्ञान मुलाच्या वतीने पालनकर्ता, म्हणजे त्या मुलाचे वडील लहानपणीच गेले असावेत. दुसऱ्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचे असले तरी मागे भाऊ आहेत.

जमिनीच्या दप्तराची मोठी उणीव अशी की भूमिहीन त्यात नाही. मजूर, बलुतेदार, गुराखी, हलक्या कामाचे मानले गेलेले समाज, यांची नावे खसऱ्यात क्वचित येतात. त्यांच्यासाठी कोतवाल बुक हाच आधार. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात नेऊन देई. बुक त्याच्याजवळ असे, नोंद पटवारी, मुकद्दम किंवा मास्तर लिहीत. गरीब-श्रीमंत, जमीनवाला-बेजमीन असा भेद या बुकात नव्हता. मालगुजाराच्या वाड्यातला जन्म आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीतला जन्म एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेला असे. कोतवाल बहुतेक गावांत महार समाजातला. साऱ्या गावाचे जन्म आणि मरण ज्याने वाहून नेले त्याला गावाने वेशीच्या आत घेतले नाही. आज त्याच गावातल्या सर्व जातींची मुले आपली ओळख सिद्ध करायला त्याच्या बुकाकडे येतात, ही गोष्ट कृतज्ञतेने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोतवाल बुकातली नोंद अगदी आखूड असते. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यू असेल तर वय आणि कारण. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे व्हायचे असते. म्हणून आजोबांच्या नावाने शोध घेतला तर काहीच सापडत नाही. पणजोबांच्या नावाखाली झालेले सर्व जन्म उतरवून घ्यावे लागतात आणि मग वयाच्या अंदाजाने आजोबा कोणते ते ठरवावे लागते. मृत्यूच्या रकान्यातले वय चाळीस, पन्नास, साठ असे ढोबळ असते, तेही बरोबर धरू नये. कारणांच्या रकान्यात ताप, हैजा, देवी असे शब्द येतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, या पानांची गर्दी पाहून मन सुन्न होते. त्या साथीत देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांत मध्य प्रांताची गणना होते. एखाद्या घराण्यात १९१८ च्या आसपास आज्जी, आजोबा आणि दोन-तीन मुले एकाच हंगामात नाहीशी झालेली दिसली, तर कारण दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

पुढे हीच नोंद महाराष्ट्राच्या महसुली भाषेत गाव नमुना १४ या नावाने ओळखली गेली. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला आणि नंतरच्या नोंदी खेड्यांत ग्रामपंचायतीकडे मिळतात. त्याआधीच्या बुकांसाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठावा. तिथे अर्ज करताना ‘माझ्या आजोबांचा दाखला द्या’ असे न लिहिता मौजाचे नाव, वर्षांचा पट्टा आणि पाहायचे बुक असे लिहावे. दहा वर्षांची बुके पाहू द्या, अशी निरीक्षणाची विनंती केली तर काम लवकर होते, कारण अभिलेखपालाला वंशावळ शोधायची नसते, गठ्ठा काढून द्यायचा असतो.

नावांच्या मागचे शब्द ओळखीचे करून घेतले की नोंदी वाचणे सोपे जाते. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, साकीन म्हणजे राहणार. मध्य प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी मुलखांचा एकत्र असल्याने नागपूरच्या कागदांत हे शब्द पुणेरी कागदांपेक्षा अधिक येतात. लिपीचा प्रश्न मोठा आहे. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत, आणि इंग्रजी काळातल्या गावपातळीवरच्या नोंदींतही मोडी भेटते. मोडी वाचणारे माणूस शोधण्यापेक्षा मोडी शिकणे बरे. राज्य पुराभिलेख विभाग आणि इतर संस्था वेळोवेळी वर्ग घेतात. मुळाक्षरे शिकून आपल्या घराण्यातली दहा-बारा नावे मोडीत ओळखण्यापुरती तयारी झाली तरी गठ्ठा चाळता येतो. तारखांसाठी थोडे गणित लागते. शकात ७८, दक्षिणी फसली सनात ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, वर्ष कुठून सुरू होते त्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा तिसरा आधार. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, गाव, कोणत्या वर्गातून का गेला हे सारे असते. आज जिल्हा परिषदेची असलेली शाळा त्या काळी डिस्ट्रिक्ट कौन्सिलची, आणि १९४८ च्या कायद्यानंतर जनपद सभेची होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. रजिस्टरावरचा जुना शिक्का पाहून ‘ही आमची शाळा नव्हे’ असे कोणी म्हटले तर शिक्क्याचा हा इतिहास सांगता यावा. शाळा बंद होऊन दुसरीत मिसळली असेल तर रजिस्टर त्या शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावे. जन्मतारखेवर फार विसंबू नये. वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनला किंवा १ जुलैला झालेला दिसतो तेव्हा ती तारीख मास्तरांनी प्रवेशासाठी बसवलेली असते. नाव आणि गाव मात्र बहुधा बरोबर असते. मुलींची नावे या रजिस्टरांत उशिरा येतात, आणि येतात तेव्हा त्या घराण्यातल्या बाईचे माहेरचे नाव पहिल्यांदा कागदावर उमटलेले असते.

बायकांचा माग हा या साऱ्या शोधातला सर्वांत अवघड भाग. जमिनीच्या कागदात बाई दिसते ती बेवा म्हणून. जन्माच्या नोंदीत आईचे नाव पुष्कळदा नसते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या मतदार यादीतही ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असे सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावे देशभरातून, मुख्यतः उत्तरेतून, गाळावी लागली होती. लग्नांची नोंदणी खेड्यांत रुळायला फार काळ गेला. म्हणून इथे घरातलेच कागद कामी येतात: लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, माहेराहून आलेली पत्रे, भांड्यांवर कोरलेली नावे. जात्यावरच्या ओव्यांत भावाचे नाव आणि माहेरचे गाव येते, आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला त्या आठवत असतील तर त्या आजच उतरवून घ्याव्यात. बाईकडून शोध केला की घराण्याचे सोयरे कोणत्या गावांत होते याचा नकाशा तयार होतो, आणि हरवलेल्या पुरुषांचा पत्ताही त्या गावांत लागतो.

खरेदी-विक्री, गहाण, वाटणी, दत्तक आणि मृत्युपत्र यांसाठी दुय्यम निबंधकाचे कार्यालय. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये असतात. पुस्तक ३ मध्ये मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र येते. नावांची सूची १ आणि मिळकतीची सूची २ अशा याद्या आहेत. पुस्तक १ आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. मृत्युपत्राच्या पुस्तकावर मात्र बंधने आहेत. कर्जाच्या दस्तांत घराण्याचे दुःख दिसते. दुष्काळाच्या वर्षी गहाण ठेवलेले शेत, पुढच्या वर्षी त्याची विक्री, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत ते नाव साध्या कुळाच्या यादीत. वाद कोर्टात गेला असेल तर भाग्यच म्हणायचे, कारण वाटणीच्या दाव्याला वंशवृक्ष जोडलेला असतो. नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ पासून होते, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट. तिथवर गेलेल्या प्रकरणांचे निकाल छापील अहवालांत सापडतात.

हिंगण्याच्या बाबतीत आणखी एक कागद विशेष महत्त्वाचा, तो म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि हिंगण्याजवळची वसाहत त्याच्या जुन्या वसाहतींपैकी. नागपूर शहर पश्चिमेकडे सरकत गेले, शेतांचे लेआउट झाले. ज्यांची शेते गेली त्यांच्या नव्या सातबाऱ्यावर घराण्याचा मागमूस उरला नाही. परंतु निवाड्यात खसरा नंबर, क्षेत्र, हितसंबंधी माणसांची नावे, विहीर, झाडे आणि मोबदला सारे लिहिलेले असते. जे शेत आज कारखान्याखाली आहे त्यावर किती आंब्यांची झाडे होती हे त्या कागदावरून कळते. घराण्यातले कोणी शेत सोडून नागपूरच्या गिरणीत गेले असेल तर तोही धागा आहे. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि विणकर, शेतमजूर, दुष्काळग्रस्त असे कितीतरी लोक तिच्या खात्यांत आले. गिरणी कामगाराच्या घरात हजेरी कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी असे काही अजून सापडते.

सरकारी दप्तराबाहेरही वंशावळी आहेत. तीर्थक्षेत्रांतल्या पुरोहितांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इथे यजमान आला की कोण कोणासह आला, कोणाचे श्राद्ध केले हे गावाच्या नावाखाली लिहिले जाते. हरिद्वारच्या वह्यांचे तर अमेरिकेतल्या युटा येथील वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्म चित्रण करून ठेवले आहे. नागपूरकरांसाठी रामटेकचा अंबाळा तलाव हे अस्थिविसर्जनाचे जुने ठिकाण; कुटुंबाचे तिथले पुरोहित कोण हे वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याकडे चौकशी करावी. भाटांच्या पोथ्या काही समाजांत आहेत. त्यांत मागच्या दोन-चार पिढ्या विश्वासार्ह असतात, त्यापलीकडे घराणे एखाद्या राजकुळाला जोडलेले असते. तो भाग श्रद्धेचा समजावा.

गोंड घराण्यांची वंशपरंपरा त्यांचे गायक परधान गाऊन सांगत आले. हिंगणा तालुक्याचा या परंपरेच्या लेखी नोंदीशी जवळचा संबंध आहे. नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या तोंडून गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची गाथा उतरवून घेतली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून ती गाथा राहिली. गाणाऱ्यांची स्मृती वेळीच लिहून घेतली तर काय वाचते याचे हे मोठे उदाहरण आहे.

जनगणनेकडून मात्र अपेक्षा ठेवू नये. गावाची लोकसंख्या, जातवार आकडे मिळतात. माणसांची नावे मिळत नाहीत, कारण १९४८ च्या कायद्याने ती माहिती गोपनीय आहे. १९५१ च्या जनगणनेबरोबर केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर हा अपवाद. ज्या गावाचे ते टिकले आहे तिथे घरवार नावे मिळतात.

आज या दप्तरांकडे सर्वाधिक गर्दी होते ती जातीच्या दाखल्यासाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर महसूल, शाळा, पोलीस, कारागृह, निबंधक अशी सारी दप्तरे उघडली गेली. विदर्भाला एका शब्दाचे वजन आधीपासून ठाऊक आहे. हलबा आणि कोष्टी, गोंड-गोवारी आणि गोवारी यांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारींच्या मोर्चात ११४ जीव गेले. पटवाऱ्याने घाईत लिहिलेला शब्द तीन पिढ्यांनंतर एखाद्या मुलाचे शिक्षण ठरवतो. म्हणून जुन्या नोंदीत कोणी नंतर शाई फिरवली तर तो गुन्हा आहेच, शिवाय त्या घराण्याच्या खऱ्या इतिहासाचीही ती कायमची हानी आहे. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते, आणि खोट सहसा उघडी पडते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूर परिसरातल्या शाळांच्या नोंदींत ‘महार’च्या जागी ‘बौद्ध’ आले. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावाच्या दाखल्यांत हा फरक दिसला तर तो इतिहासाचा पुरावा आहे, विसंगती नव्हे.

कागद किती टिकणार हा खरा प्रश्न. महसुली दप्तराचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग आहेत. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्षाचा. कायमच्या वर्गातला कागदही वाळवी, ओल आणि निष्काळजी हाताळणी यांपुढे कायमचा राहत नाही. जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम राज्यात झाले आहे आणि अनेक गावांचे कागद घरबसल्या पाहता येतात. पण स्कॅन झाला म्हणजे वाचता येतो असे नाही. फिकट झालेल्या पानासाठी मूळ बुकच पाहावे लागते. भोसलेकालीन आणि प्रांतिक कारभाराच्या कागदांसाठी राज्य पुराभिलेख विभागाचे नागपूरचे अभिलेखागार आहे. रेसिडेन्सीच्या निवडक पत्रव्यवहाराचे एच. एन. सिन्हा यांनी संपादलेले खंड ग्रंथालयांत मिळतात. यादव माधव काळे यांचा नागपूर प्रांताचा इतिहास आणि रसेल व हिरालाल यांचे १९१६ चे जातीजमातींवरचे चार खंड संदर्भाला उपयोगी आहेत, मात्र दुसऱ्या ग्रंथातली जातींबद्दलची शेरेबाजी त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या नजरेची आहे हे विसरू नये.

मिळालेली प्रत्येक नोंद कुठल्या कार्यालयातून, कोणत्या गठ्ठ्यातून, कोणत्या पानावरून घेतली हे नकलेच्या मागे लगेच लिहावे. शक्य तिथे प्रमाणित नक्कल घ्यावी. आणि हिंगणा, कान्होलीबारा, गुमगाव भागातल्या ज्या जुन्या मालगुजारी वाड्यांत अजून बस्त्यांत बांधलेली दप्तरे पडून आहेत, त्यांच्या वारसांनी ती रद्दीत घालू नयेत. त्या बस्त्यांत त्यांच्या एका घराचे नव्हे, पूर्ण गावाचे पूर्वज आहेत. नागपूरचे अभिलेखागार किंवा विदर्भ संशोधन मंडळ यांना ते कागद दाखवावेत. देणे नको वाटले तर निदान छायाचित्रे काढू द्यावीत.